बोंड अलींना नमस्कार

दिग्रसची कहकशां घरबसल्या पुण्याच्या सलील सरांच्या शेती-सल्ला कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या मेसेजना उत्तरं द्यायची. कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी सरांनी स्वस्त पडतं म्हणून ते काम परदेशात, मनिलाला दिलं. तिथली मुलगी यंत्राकडून भाषांतर करून घेई.

लवकरच सरांचा फोन आला. "मारेगावच्या रत्नप्रभाबाई चिडल्यात. जरा बोलतेस?"

कहकशांनं फोन लावला. "काकू, काय झालं? मले सांगा."

"म्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, वावरात बोंडअळी आली. तं उत्तर आलं, 'श्री. बोंड अली यांना नमस्कार कळवा!'"

दोघी पोटभर हसल्या. मग कहकशांनं पिकाची बारीक चौकशी केली आणि कंपनीच्या तज्ज्ञांनाही फोनवर घेतलं.

सर म्हणाले, "काम परत घे."

"घेते, पण दर माझाच."

सर लगेच कबूल झाले.