पहिल्या स्टेशनाच्या पुढे

"साहेब, हे शेवटचं स्टेशन राहिलं नाही, मग तुमचा रुबाब कमी झाला का हो?"

हे स्टेशनमास्तरांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. तिने विचारलं. दारामागे दोघी तोंडात रुमाल कोंबून उभ्या.

मास्तर डाफरतील असं वाटलं होतं, त्यांनी तर खुर्ची पुढे केली आणि पाल्हाळ लावलं. साठ वर्षांपूर्वी समोरचा कातळ फुटेना, म्हणून तात्पुरतं चार पत्रे टाकून स्टेशन उभं केलं. ते तात्पुरतं तीन पिढ्यांना पुरलं. गाडी इथे वीस मिनिटं थांबायची, ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचा, आणि तेवढ्यात लोक हवी ती खिडकी पकडायचे. निवांत बसून शहरात जाता येतं म्हणून नोकरदार इथे राहायला आले, त्यांच्यामागून शाळा, दवाखाने, दुकानं. आता गेल्या सोमवारपासून बोगदा सुरू. गाडी येते काय, मिनिटभर थांबून जाते काय!

ती ऐकत होती, पण पाय एकसारखा हलत होता. हातातल्या फाइलमध्ये शहरातल्या कॉलेजचा अर्ज होता, बारा वाजेपर्यंत द्यायचा. कॉमर्स, मग बँकेची परीक्षा, मग कायमची खुर्ची, असा बेत बाबांनी आखलेला. बाबा इथेच तिकीट खिडकीवर. खुर्ची म्हटलं की तिच्या अंगावर मुंग्या चढत.

गाडी लागली तशी ती धावत सुटली आणि टुणकन चढून खिडकी पटकावली. गाडीवरची पाटी वाचली नाही. इथलं कोणीच वाचत नाही. इथून गाडी जाणार ती शहराकडेच, हे प्रत्येकाच्या हाडीमाशी खिळलेलं. बाबा आठवडाभर खिडकीतून घसा फोडत होते, पाटी वाचा, पाटी!

डबा अंधारात शिरला तशी ती ताडकन उभी राहिली. शहराच्या वाटेवर बोगदा नाही.

समोरच्या बाईंनी तिच्याकडे बघून ओळखलंच. ही या आठवड्यातली पाचवी, असं म्हणून त्या खुदकन हसल्या. घाबरू नकोस, पुढच्या स्टेशनात उतर, पलीकडे परतीची गाडी उभीच असते, पावणेबाराला शहरात पोचशील.

खरंच उभी होती. ती दारात आली. चार पावलांवर तो दुसरा डबा, खिडकीही रिकामी. तिने मान वळवून पुढे पाहिलं. रूळ डोंगराला वळसा घालून कुठेतरी निघाले होते. पुढे काय आहे, तिने बाईंना विचारलं. दोन स्टेशनं, मग नुसती खडी, तिथे पुढच्या रुळांसाठी जमीन मोजणारे, मोजणीवाले, अजून खुंट्या ठोकतायत.

गाडी हलली. ती दारातच होती, आतल्या बाजूला.

तिसऱ्या स्टेशनापलीकडे उन्हात टोपी घातलेली एक मोजणीवाली तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. तिने हिलाही बघू दिलं. मग हिने प्रश्नांची अशी सरबत्ती लावली, की शेवटी त्या बाईने मोजणीचा डिप्लोमा कुठे मिळतो ते फाइलच्या पाठीवर लिहून दिलं आणि हात जोडले.

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. बाबा आधी रागावले, मग त्यांना हसू आवरेना. तिकीटबाबूची मुलगी आणि उलट्या गाडीत! आईने डोक्यावर हात मारला. पण बाबांनी तोडही काढून ठेवली होती. आपल्याकडच्या चौघांचं असंच झालं, कॉलेजने त्यांचे अर्ज उद्यापर्यंत घ्यायचं कबूल केलंय. चुकून झालं एवढं लिहून दे, की काम फत्ते.

सुटका आयती समोर आली होती. तिने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"चुकले ती पहिल्या स्टेशनापर्यंत, बाबा. तिथे परतीची गाडी समोर होती. मी उतरले नाही. आई, तूही ऐक. कॉमर्सचा अर्ज मी देणार नाही. मी मोजणी शिकणार आहे."