हाउसिंगला दिलेला चंदेरी रंग

जावा बेटावरच्या ब्रेबेसच्या हमरस्त्यावर पाक मुन्तारींच्या, म्हणजे मुन्तारीकाकांच्या, गॅरेजात सुवार्दीचा ट्रक दोन दिवस पोट उघडं टाकून उभा होता. क्लचवर तेल गळायचं आणि भरल्या गाडीनिशी तो महिन्यात दोनदा वाटेतच अडकला होता. कांद्याचे व्यापारी हाजी रोखानी यांनी बजावलं होतं, "आज संध्याकाळच्या नमाजाआधी माल भरायचा. आणि तिसऱ्यांदा वाटेत बसलास, तर माझ्या गोण्या विसर."

गळकं सील बदलून झालं होतं. पाक मुन्तारींनी फ्लायव्हीलचं हाउसिंग, म्हणजे त्याचं धातूचं कवच, चेनपुलीने उचलून इंजिनाच्या पाठीवर सीलंट न लावता कोरडंच टेकवलं, समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने आवळले आणि हाउसिंग सरळ बसलंय का ते मोजायला क्रँकच्या टोकाला डायल अडकवला. मग पान्याने क्रँक सावकाश फिरवली. काटा पस्तीसपर्यंत सरकला.

"वीसच्या आत हवा," ते म्हणाले.

"शतांश मिलिमीटर ना, पाक? म्हणजे दोन केसांएवढा फरक!"

"केस तुझ्या डोक्यावर शोभतात, ले, पोरा. इथे नाही."

"तसंच चढवलं तर?"

"आज जाशील. जकार्तालाही पोचशील. पण गियरबॉक्सचा शाफ्ट वाकडा फिरत राहील. बेअरिंग कुठे फुटलं, ते तूच मला फोनवर सांगशील."

एवढं बोलून त्यांनी पहिला बोल्ट सोडायला घेतला. ना चिडले, ना घाई केली. वय सत्तरीला टेकलेलं, पण पाना प्रत्येक बोल्टवर पहिल्याच खेपेला अचूक बसत होता. सुवार्दी घड्याळ विसरून बघत राहिला.

हाउसिंग खाली आलं. पाकनी त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नखात चंदेरी कपचा आला.

"हे काय?"

सुवार्दीचे कान तापले. काल 'धुऊन आणतो' म्हणून तो हाउसिंग घरी घेऊन गेला होता. बंपरचा चंदेरी रंग उरलेला होता. तो सगळीकडे फिरवला, बसायच्या कडेवरसुद्धा. खालच्या अंगाला तो ओघळून जाड झाला होता, म्हणूनच हाउसिंग तिरकं बसत होतं.

"म्हटलं, गाडी आतूनही देखणी दिसू दे."

"आत बघायला कोण जाणार, उंदीर?" पाक हसले. "पण मीही कड पुसली आणि अॅल्युमिनियमची चकाकी समजलो. डोळ्यांवर भिस्त ठेवली, नख नंतर लावलं. अर्धी चूक माझी."

सुवार्दीने फोन लावला. "हाजी, उशीर होईल. रंग मीच चुकीच्या जागी लावला. पण आता निघालो, की थांबणार नाही."

पलीकडून आधी शिव्या आल्या, मग लांब उसासा. "रात्रीच्या नमाजापर्यंत थांबतो. त्यापुढे मिनिटभरही नाही."

सुवार्दीने स्वतःच ब्लेड घेतलं. पाक शेजारी उकिडवे बसले. "आडवं धर. धातूला ओरखडा नको." दोघांनी मिळून कड नखाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ केली.

पुन्हा बोल्ट, पुन्हा डायल. क्रँकचा पूर्ण फेरा झाला. काटा सातच्या पुढे गेला नाही. सुवार्दीच्या तोंडून नकळत "वा!" निघालं.

पाकनी मात्र दुसरा फेरा घेतला. पुन्हा सातच. तेव्हा कुठे त्यांनी सीलंटची नळी उघडली.

रात्रीची बांग व्हायच्या जरा आधी ट्रक कांद्याच्या शेडसमोर लागला. क्लच पायाखाली अलगद बसला. हाजींनी चाकांखाली वाकून टॉर्च मारला. तेलाचा थेंबही नव्हता.

"भरा रे," ते हमालांवर ओरडले.