बोलीवरचे पंधराशे

मित्रांनो, भिवंडीच्या टेमघर भागात कापड विणत म्हातारा झालेला मी एक यंत्रमाग आहे. अंग बिडाचं आणि स्वभाव तापट. एकदा आडवं सूत नेणारा माझा धोटा उसळून बाहेर आला आणि मला चालवणाऱ्या फखरुद्दीनची भुवई फुटली. तरी अकरा वर्षं त्याने मला दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. मालक कौतुकाने म्हणायचा, "असं कापड दुसरा माग काढत नाही."

१९९२ साली मालकाचा धंदा बुडाला. कारखान्याला टाळं लागलं. मला गंज चढला आणि एका सकाळी माझा लिलाव पुकारला गेला. भंगारवाला चांगदेव आठ हजारांवर थांबला. फखरुद्दीनने बायकोच्या, रुकय्याच्या, बांगड्या विकून नऊ हजार आणले होते. बोली त्याच्यावर सुटली. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला.

तेवढ्यात लिलावाचा मुनीम म्हणाला, "नऊशे आमचं कमिशन, वर विक्रीकर, वर हमाली. आणखी पंधराशे काढ."

"बोली तर नऊ हजाराची झाली ना? हे वरचे कशाचे?"

"दारावर अटींचा कागद लावलाय. भरणार नसशील तर माग चांगदेवचा."

कागद खरोखरच होता. फखरुद्दीनने तो वाचला नव्हता. त्याने मला घट्ट मिठी मारली. चांगदेवच्या माणसांनी लाठ्या उचलल्या. पहिली पाठीत बसली, दुसरी डोक्यात. त्याचं रक्त माझ्यावरून ओघळलं. तरी तो सुटेना, तेव्हा एकाने घण घातला. त्याची दोन बोटं माझ्या बिडावर चेचली गेली, माझी डावी बाजू तडकली.

कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी गुणाबाई लोखंडी दांडा घेऊन मध्ये घुसली. तिने कमरेची पिशवी मुनिमाच्या तोंडावर फेकली.

"हे घे पंधराशे! माज्या पोरीच्या लग्नाचे हायेत. आता याला हात लावशील तं डोकं फोडीन तुजं!"

तिच्यामागे सगळे कामगार सरकले. मुनिमाने पैसे मोजून पावती फाडली.

आता मी जवळच्याच शेलार गावात फखरुद्दीनच्या घरी असतो. माझी तडकलेली बाजू लोखंडी पट्टीने आवळली आहे. फखरुद्दीनला सूत सांधता येत नाही, म्हणून मला रुकय्या चालवते. गुणाबाईच्या लेकीचं लग्न दोन वर्षं लांबलं.

मित्रांनो, बोली लावण्याआधी विचारा: कमिशन किती, कर किती, माल उचलायचा खर्च कुणाचा? आणि तुम्हाला ठाऊक असेल तर शेजारच्याला सांगा. त्या सकाळी चाळीस माणसं त्या कागदासमोरून आत आली होती. एकाने जरी तो मोठ्याने वाचला असता, तर फखरुद्दीनची बोटं आजही माझ्या सुतावर फिरली असती.