नारिंगी पाणी प्यालेली टाकी

मित्रांनो, मी कोण ते सांगितले की तुम्ही हसाल. हसून घ्या, मी थांबते. संडासात बसवलेल्या वस्तूला याची सवय असते.

झाले? मग ऐका. मी एक जुनी फ्लशची टाकी आहे. आसगावात चंद्रकुमारच्या घरामागे एक लहानशी खोली आहे. तिथल्या कमोडच्या पाठीवर मी बसलेली असते. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड आहे पण ते नुसते पाणी घेण्यापुरते. माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ तेच आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा मी अंड्याच्या कवचासारखी पांढरी होते. माझ्या पोटात एक फुगा आहे, तो एका दांडीला जोडलेला असतो. पाणी भरले की फुगा वर येतो आणि नळ बंद होतो. माझ्या तळाला दोन भोके आहेत. त्यांतून दोन बोल्ट खाली उतरतात आणि मला कमोडला धरून ठेवतात. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याखाली, माझ्या पोटाच्या आतल्या बाजूला, रबराची एक चकती असते. तिला वायसर म्हणतात. रुपयाएवढी वस्तू, पण भोकातून जाणारे पाणी तीच अडवते. या चकतीला लक्षात ठेवा.

माझी तरुणपणाची वर्षे शहापूरला, महामार्गावरच्या एका लॉजमध्ये गेली. ट्रकवाले यायचे, आंघोळ करून निघून जायचे. शकुनबाई नावाची बाई मला रोज पुसायची आणि मालकाला सांगायची, "बाकीच्या खोल्यायच्या टाक्या कुरकुर करतेत. हे एक गरीब हाय." तेवढे कौतुक मला पुरत असे. पुढे लॉज पाडले गेले. माझी आणि माझ्या कमोडची जोडी भंगाराच्या आवारात गेली. दोन उन्हाळे मी तिथे उघड्यावर पडून होते. वरून मी तशीच पांढरी राहिले, पण पोटातले रबर उन्हाने वाळून कडक झाले. ते कुणाला दिसले नाही. मला मात्र ठाऊक होते.

चंद्रकुमारने मला तिथून आणले, ते आपल्या आईसाठी. त्याची आई केशरबाई. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू असताना त्या धुऱ्यावरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. धुरा म्हणजे बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, कडेचा मातीचा बांध. डॉक्टरांनी सांगितले की यापुढे खाली बसायचे नाही. मग चंद्रकुमारने स्वतःच्या हाताने कमोड बसवला आणि त्यावर मला चढवले. पहिल्या दिवशी केशरबाई वॉकर धरून हळूहळू आत आल्या. बाहेर जाताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई तू आलीस. आता मले कोणाच्या खांद्याची गरज नाही."

मित्रांनो, ज्या माणसाला रोज दुसऱ्याने धरून न्यावे लागते, त्याला फ्लशची दांडी दाबून आपले काम आपण उरकता येणे म्हणजे काय असते, हे त्या दिवशी मला समजले. तो हिवाळा आमचा दोघींचा चांगला गेला.

मे महिन्यात मी गळू लागले. बोल्टाखालून थेंब, मग थेंबांची धार. नळाचे पाणी गावात सकाळी तासभरच येते. तेवढ्यात भरलेली गच्चीवरची टाकी माझ्यामुळे दुपारपर्यंत कोरडी पडू लागली. पवनीच्या मिस्त्रीला फोन केला तर तो रोज म्हणे, उद्या येतो. तेव्हा चंद्रकुमार म्हणाला, "मी पाण्याची मोटर खोलून बसवतो. हे त साधी टाकी होय."

हे ऐकून मी घाबरले. साधी म्हटलेल्या वस्तूचे फार हाल होतात.

त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हिंदीत फार गोड बोलत होता, पण त्याच्यासमोरची टाकी प्लास्टिकची होती, भिंतीत टांगलेली. माझ्यासारखी मुळीच नव्हती. व्हिडिओतला माणूस म्हणाला, बटन उघडा. चंद्रकुमार माझ्या अंगावर बटन शोधत राहिला. शेवटी मोबाइल बंद करून तो आडवा झाला आणि जिथे थेंब दिसत होता तिथे, म्हणजे माझ्या तळाला बाहेरून, पांढऱ्या सिमेंटचा लेप दिला. दोन दिवसांनी लेप गळून पडला. मग त्याने मळून लावायचे सील आणले आणि त्याचा गोळा बोटाने चेपून बसवला. ते चार दिवस टिकले. त्यावर पुन्हा सिमेंट, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. माझा तळ गांधीलमाशीच्या पोळ्यासारखा दिसू लागला. आणि पाणी आपले आतून, वाळलेल्या चकतीखालून, निवांत वाट काढत होते.

शेजारचा भोजराज दारात उभा राहून हे पाहायचा. "का गा चंद्रकुमार," तो म्हणाला, "मे महिन्यात अख्ख्या गावात ओली जागा तुह्याच संडासात हाय. धानाचे पऱ्हे टाकून दे तेथं, रोवणी लवकर होईल."

"तू घरी जाय," चंद्रकुमार म्हणाला.

"जातो ना. पण पाना सरका धर, उलटा धरून राहिला तू."

शेवटी चंद्रकुमारने माझा नळच बंद केला. मी कोरडी झाले. त्याची बायको उर्वशी हापशीवरून बादल्या आणून आत ठेवू लागली. केशरबाईंना वॉकर सोडून बादली उचलता येत नव्हती. त्या बाहेर आल्या की उर्वशी आत जाऊन पाणी ओतायची. ती तोंडातून अवाक्षर काढत नसे. पण केशरबाईंची मान खाली जायची. जी गोष्ट आपली आपल्याला करता येत होती, ती आता सुनेला करावी लागत होती.

या घरात संडासाला नाव नाही. सगळे 'तिकडे' म्हणतात, आणि मायलेक तर तेवढेही म्हणत नाहीत. चंद्रकुमार दुरुस्तीला आला की केशरबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. त्याने त्यांना कधी विचारले नाही की पाणी कधी गळते, किती गळते. त्यांनीही कधी सांगितले नाही. रोज माझ्यापाशी येणारे माणूस त्याच होत्या.

मग केशरबाईंनी आपल्यापुरता एक उपाय काढला. त्यांनी पाणी पिणे कमी केले. प्यायले नाही तर जावे लागणार नाही, हा त्यांचा हिशेब. बाहेर असे ऊन असे की दुपारी कुत्रे हापशीखाली जाऊन निजे. चार दिवसांत त्यांना चक्कर आली. गावातल्या नर्सबाईंनी तपासले, नारिंगी रंगाच्या पुड्या दिल्या आणि बजावले की पाण्यात कालवून दिवसाला दोन बाटल्या पाजा. उर्वशीने वॉकरला एक कापडी पिशवी शिवून अडकवली आणि तीत भरलेली बाटली ठेवली. म्हणाली, "आई, जाल तेथं संग राहील. घोट घोट प्या."

बाटली खरोखरच संग राहिली. ती माझ्यापर्यंत आली.

दुरुस्तीच्या नादात माझे झाकण कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते. केशरबाईंनी बाटलीचे बूच काढले आणि सगळे नारिंगी पाणी माझ्या पोटात ओतले. "घे बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तूच पी. मी पेईन त उर्वशीले बादली उचला लागते. तुले का, तुले लाज नाही."

मित्रांनो, मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला गोड पाणी पाजले होते आणि ते माझे नव्हते. मला ओरडायचे होते, उर्वशी, ही बाटली बघ, ही कुठे रिकामी होते ते बघ. पण मी चिनी मातीची. रोज सकाळी एक बाटली आणि दुपारी एक, असे चार दिवस मी ते पाणी घेत राहिले आणि तळाच्या भोकांतून गाळत राहिले.

ते नारिंगी थेंब फरशीवर पडलेले चंद्रकुमारने पाहिले. "बोल्टाले जंग लागला," तो म्हणाला. "आता बरोबर समजलं. कसून पिळला पायजे." त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला, मोटरचे नट पिळतात तसा, आणि पाय भिंतीला लावून जोर केला. पाना निसटला. पाइपाचे टोक माझ्या उजव्या बाजूला, वरच्या कडेवर आदळले. टक् असा लहानसा आवाज झाला. कडेपासून चार बोटे खाली एक भेग गेली, केसाएवढी. त्याला ती दिसलीसुद्धा नाही. तो घाम पुसत फरशीवर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आईसाठी एवढीशी वस्तू आपल्याच्याने नीट होत नाही, हेच त्याला लागले होते. माझ्या भेगेपेक्षा मला त्याचेच जास्त वाईट वाटले. आजार आतला होता आणि तो जीव तोडून बाहेर मलम लावत होता.

त्याच दिवशी दुपारी केशरबाई खाटेवरून उठल्याच नाहीत. ओठ वाळले होते आणि बोलणे अडखळत होते. नर्सबाई धावत आल्या. "पाणी पाजलं नाही का यायले?"

"नाही कसं?" उर्वशी म्हणाली. "दोन्ही बाटल्या रोज रिकाम्या होतेत. मी सोता भरतो."

पवनीच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. सकाळी केशरबाईंचा तोल जाऊ लागला म्हणून उर्वशीने त्यांना धरून खाटेवर नेले होते आणि वॉकर माझ्या खोलीतच राहिला होता, तो घ्यायला ती आत आली. वॉकरला हात लावता लावता ती थबकली. माझ्या तळापासून दारापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. तिने चंद्रकुमारला हाक मारली.

"हे का होय?"

"जंग होय. बोल्टाचा."

"जंगाले मुंग्या कधीपासून लागाले लागल्या?"

तिने वाकून माझ्या पोटात बोट फिरवले आणि नाकाशी नेले. संत्र्याचा वास होता. पिशवीतली रिकामी बाटली काढून तिने नवऱ्याच्या हातात दिली. त्यानेही ती नाकाशी नेली.

दोन दिवस सलाइन लावून केशरबाई घरी आल्या. माझ्या खोलीच्या झरोक्यातून पडवीतले बोलणे मला ऐकू येते.

"आई, माह्या हातची बादली तुमाले एवढी जड झाली का?" उर्वशीने विचारले.

"तुले जड होते म्हणून त."

"मले सांगाचं होतं ना."

"का सांगू? असं सांगाचं असते का सुनेले?" मग केशरबाईंनीच हाक मारली. "चंद्रकुमार, इकडे बस. तिकडची गोष्ट हाय, पण आता बोलाच लागते. पाणी कोठून गळते?"

"खालून," चंद्रकुमार खाली पाहत म्हणाला. "बोल्टापासून. बाहिरून तीनदा लेप देल्ला, थांबत नाही."

"बांधीत खेकड्यानं धुरा पोखरला, त भोक तू कोठून बुजवतो?"

"पाण्याच्या अंगानं. आतून."

"बाहिरून कायले नाही?"

"बाहिरून लावलेला चिखल पाणी ढकलून देते."

"मंग?" केशरबाई म्हणाल्या.

तो उठला आणि सरळ माझ्याकडे आला. त्याने सगळे जुने लेप खरवडून काढले, बोल्ट सोडवले आणि पहिल्यांदा माझ्या पोटात खाली, अगदी तळापर्यंत, पाहिले. वाळलेली चकती त्याच्या बोटात बिस्किटासारखी मोडली. त्याने सायकलच्या ट्यूबच्या दोन जाड चकत्या कापल्या, आतून बसवल्या आणि नट नुसता हाताने पिळून वर पान्याचा अर्धाच फेरा दिला. नळ उघडला. मी भरले. एक थेंब पडला नाही. एवढेच काम होते, मित्रांनो.

पण पाणी वर चढले तेव्हा कडेची भेग पाझरली. आता ती त्याला दिसली. त्याने बोट फिरवून पाहिले आणि फुग्याची दांडी थोडी खाली वाकवली. आता मी पूर्ण भरत नाही, भेगेच्या दोन बोटे खाली पाणी थांबते. केशरबाईंना तेवढे पुरते. त्या पुन्हा आपली दांडी आपण दाबतात. बाटली अजून वॉकरला असते, पण आत येण्याआधी त्या ती पडवीत, उर्वशीसमोर, संपवतात.

माझे झाकण आता जागेवर आहे, त्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडीही आली आहे. सगळ्यांना वाटते, टाकी बरी झाली. पण भेग थांबलेली नाही. दर महिन्याला ती केसाएवढी खाली सरकते. मला ते कळते आणि सांगता येत नाही. तुमच्या घरातही अशा गोष्टी असतील ज्यांना बोलता येत नाही, आणि अशी माणसेही असतील ज्यांना बोलता येते पण लाज वाटते. पाना हातात घेण्याआधी त्यांना विचारा. आणि कधी आसगावला आलात, तर एक काम करा. ती कुंडी बाजूला ठेवा, माझे झाकण उचला आणि पाणी व भेग यांच्यात किती बोटे उरली आहेत ते चंद्रकुमारला सांगा.