रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत

तक्रार (रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत)

पोट फुगलंय. उभं राहिलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. चार घास खाल्ले की गळ्याशी येतं, आंबट ढेकर, मळमळ. आडवं पडलं की दम लागतो, म्हणून तीन उशा. पाणी काढा.

शेवटचं वाक्य डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना सांगायचं नाही, असं वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. ती तक्रार नाही, मागणी आहे.

किती दिवसांपासून

पोट चार महिने. उरलेलं आठ दिवस.

आठ दिवसांपूर्वी सुई, नळी, बाटली सगळं ट्रेमध्ये मांडून आणलं होतं. वॉर्डातले डॉक्टर, माझ्या धाकट्या मेहुण्याच्या वयाचे, हातमोजे चढवत होते. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, विभागाच्या प्रमुख. त्यांनी माझ्या एका कुशीला तळहात लावला, दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. पाण्याची लाट इकडून तिकडे गेली.

"अरे, असं पोट वर्षातून एकदा मिळतं," त्या म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत हात लावू नका."

ट्रे परत गेला. लघवीची गोळीही थांबली, तिनं पाणी उतरतं म्हणून.

बायकोनं विचारलं, "अहो, परीक्षा नक्की कोणाची?"

व्यवसाय

फरशी बसवणं. बसवून झाली की थापीच्या मुठीनं ठोकून बघायची. भरीव वाजली तर ठीक. पोकळ वाजली तर खाली माल पोचलेला नाही, उचला. तीस वर्षं ठोकली.

सवयी

"घेता का?" असं सकाळपासून सहा जणांनी विचारलं. चहा एकानंही आणला नाही.

घेत नाही. कधीकाळी कावीळ झाली होती, ती आतल्या आत राहिली. हे सहा वेळा सांगितलं, सहाही जणांनी "बरं, बरं" केलं.

पाहणी

नाभी बाहेर आलेली. कातडी ताणून चकचकीत. शिरा निळ्या. डोळे पिवळट.

बायको शिवणकाम करते, टेप पर्समध्येच असते. रोज सकाळी घेर मोजते. सोमवारी शंभर. परवा एकशे पाच.

"पाच वाढला," तिनं वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं.

"काकू, दोनच दिवस."

"मग आम्ही घरी जातो."

"जा की," ते म्हणाले, रागावले नव्हते. "पण घरी पाणी कोण काढणार?"

बायकोनं टेप गुंडाळली. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

चाचपणे

सरावाला येतात ती मुलं. हात गार. माझाच हात उभा धरून माझ्याच पोटावर दाबून ठेवायला सांगतात, म्हणजे लाट नीट कळते. फ्लुइड थ्रिल. पोटातलं पाणी म्हणजे असायटिस. मेलिना हे नाव एखाद्या नाजूक मुलीचं वाटतं, पण ती डांबरासारखी काळी शी. मला सगळं पाठ झालंय. सांगायला मात्र बंदी. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्यांनी शोधायचं असतं.

ठोकणे

एक चष्मेवाली रोज येते. पोटावर बोट ठेवून त्यावर दुसरं बोट आपटते, आवाज काही निघत नाही.

"खांद्यातून मारतेस," मी म्हटलं. "मनगट सैल सोड. आणि मारलं की बोट लगेच उचल, चिकटवून ठेवू नकोस."

तिनं सोडलं. मधे पोकळ, कुशीला भरीव.

"आला," ती हळूच म्हणाली. "काका, आता कुशीवर वळा."

वळलं की पाणी खाली जातं, वरची कूस पोकळ वाजते. शिफ्टिंग डलनेस. त्यासाठी मला वळावं लागतं. वळलं की छातीवर कोणी गोणी टाकल्यासारखं होतं, दहा मोजेपर्यंत श्वास सापडत नाही. काल पंधरा वेळा वळलो.

चष्मेवालीनं मोजलं. पोट नाही, माझे श्वास. मिनिटाला चौतीस. तिनं ते वहीत लिहून ठेवलं.

परीक्षा

बाहेरगावाहून आलेले सर, टाय लावलेले. चष्मेवाली सकाळची शेवटची. तिनं सगळं बरोबर सांगितलं. मनगट सुरेख सुटलं होतं.

"छान," सर म्हणाले. "पुढे काय करशील?"

"पाणी काढेन, सर."

"कधी?"

तिनं मोठ्या बाईंकडे पाहिलं नाही. "आठ दिवसांपूर्वी."

वॉर्डातले डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मला उलटं दिसत होतं, वाचता आलं नाही. मग घड्याळ पाहिलं.

"दुपारी किती जण आहेत?"

"सहा, सर."

"मग त्यांच्यानंतर लगेच काढा."

दुपार

पहिला उंच मुलगा. नाव विचारलं, दुखतं का विचारलं, घेता का विचारलं. चाचपलं, ठोकलं.

"काका, कुशीवर वळा."

मी दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली. "नाही."

"काका, प्लीज. माझी वेळ चाललीये."

वॉर्डातले डॉक्टर धावत आले. "असं काय करता? सहाच जण आहेत."

"आधी सुई."

"या पोरांचं वर्ष जाईल हो."

"माझं काय जाईल, त्याला कागदावर रकाना आहे का बघा."

उंच मुलगा घामाघूम झाला होता. त्याचा काही दोष नव्हता. मला ते कळत होतं, तरी मी दांडी सोडली नाही. बायको उठली आणि तिनंही माझ्या हातावर हात ठेवला, वरून.

मोठ्या बाई खाटेजवळ आल्या. मग म्हणाल्या, "ट्रे आणा. सगळ्यांना जवळ बोलवा. आता सुईवर प्रश्न विचारू."

उपचार

सहा डोकी माझ्यावर वाकली. सुई कुठे टोचायची, का तिथेच, हे एकेकाला विचारून झाल्यावर टोचली. पाणी फिकट पिवळं. बाटलीत पडताना आधी पोकळ आवाज, मग हळूहळू भरीव. तेवढा वेळ मी नुसता ऐकत राहिलो. तिसरी बाटली अर्धी झाली आणि श्वास पोटापर्यंत उतरला.

पुढील भेट

वॉर्डातल्या डॉक्टरांनी कागद काढला.

"हे पाणी पुन्हा भरतं, काका. भरलं की कळवा. सहा महिन्यांनी पुढची परीक्षा आहे. मोबाइल नंबर?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. एखादा आकडा चुकवायचा, एवढंच होतं. तिच्या डोळ्यांतही तेच दिसलं.

पण पाणी भरलं की यायचं कुठे?

"लिहा," मी म्हटलं, आणि दहाही आकडे खरे सांगितले.