चावीचे आटे

घड्याळजीने दादाचं घड्याळ कोमट पाण्याच्या बरणीत जवळजवळ आपटलंच. पाणी उसळून टेबलावरच्या कपड्यावर सांडलं. बरणीला नाक टेकवून तो बघत राहिला. काचेच्या कडेतून, मागच्या झाकणातून, चावीच्या बुडातून, कुठूनही एक बुडबुडा वर आला असता तर त्याचा जीव थंडावला असता. एकही आला नाही.

"बघ. गरम पाण्यात आतली हवा फुगते. फट असली की बुडबुडा येतोच. कुठंय?"

दादा स्टुलावर निवांत बसला होता. "बरणीत नसेल येत. तलावाचं पाणी जास्त हुशार असतं."

दादाने चाळीस वर्षं अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. आता निवृत्त झाला तरी सकाळी साडेसहाला तलावात त्याची उडी पडायचीच, आणि मनगटावर हे पाणबुड्यांचं डुप्लिकेट घड्याळ. तबकडीवर ऐटीत लिहिलेलं, तीनशे मीटर. तलाव सगळ्यात खोल तिथे बारा फूट. पण दादाच्या गोष्टीत हेच घड्याळ तीन दिवस एका माशाच्या पोटात राहून अचूक वेळ दाखवत बाहेर आलं होतं. रोज चार मिनिटं मागे पडणाऱ्या घड्याळाला हे कसं जमलं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

तीन आठवड्यांत काचेखाली चौथ्यांदा वाफ धरली होती. चारही वेळा घड्याळजीने ते उघडून वाळवलं, नवी रबरी रिंग ग्रीस लावून बसवली.

"आणि या चावीवर ओरखडे कसले? पक्कड लावतोस काय?"

"डुप्लिकेट माल. असायचेच."

"माल ठीक आहे. पाण्यात जाण्याआधी चावी दाबून तीन आटे घट्ट फिरव, एवढंच सांगतो मी. तेवढा आळस सोड. हल्ली तुला शर्टाची बटणं लावायचाही कंटाळा, बुटाची नाडी बांधायचाही कंटाळा. नुसते गळ्यातून घालायचे सदरे आणि चपला. आणि वर तलावावर सांगत फिरतोस, धाकट्याचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

"मी आपलं गमतीत म्हटलं."

"त्या गमतीपायी काल दोघं आपली घड्याळं तशीच उचलून घेऊन गेले. तीस वर्षांचं नाव आहे माझं, दादा. तुझ्या खोट्या घड्याळापायी बुडवू नकोस."

दादा स्टुलावरून उठला. मग घड्याळ खिशात टाकून निघून गेला.

रात्रभर धुमसून घड्याळजी सकाळी तलावावर हजर झाला. सगळ्यांसमोर दादाचं पितळ उघडं पाडायचं, शब्दसुद्धा ठरले होते. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी तो उभा राहिला.

दादा पायरीवर बसला होता, भोवती चार-पाच पोहणारे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दादाने चावी ओढली आणि चार मिनिटं पुढे केली. मग चावी आत दाबून फिरवायला लागला. अंगठा घसरला. पुन्हा धरली, पुन्हा घसरला. दादाने दोन्ही हात टॉवेलखाली घेतले आणि माशाची गोष्ट जरा मोठ्याने सुरू केली. टॉवेल बराच वेळ हलत होता.

"चला, घड्याळाचा मुका घ्या आणि उतरा," कुणीतरी म्हणालं.

दादाने मनगट तोंडाशी नेलं. सगळे हसले, हे रोजचंच होतं. घड्याळजीला मात्र दादाचा ताणलेला जबडा दिसला, आणि दातांत धरलेली चावी.

एवढ्यात पोहणाऱ्यांचं लक्ष घड्याळजीकडे गेलं.

"या, घड्याळजी. मग काय ठरलं? पाणी कुणामुळे शिरतं?"

दादाने मनगट खाली घेतलं. भावाकडे बघितलं आणि लगेच पाण्याकडे.

घड्याळजी तरातरा गेला. त्याने दादाचं मनगट खसकन ओढलं. चावी दाबली. एक, दोन, तीन. आटे लोण्यासारखे बसले.

"डुप्लिकेट माल," तो खेकसला. "आटेच झिजलेत. माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझाच हात चुकला."

"बघा," एकजण म्हणाला, "दादा सांगतच होते."

"सांगत होते ना? मग झालं तर. उद्यापासून रोज सकाळी मी येऊन बंद करणार. असला माल दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

बाकीचे एकेक करून पाण्यात उतरले. दादा अजून बसूनच होता. मनगटही त्याने सोडवून घेतलं नव्हतं.

"रोज कशाला हेलपाटा?" दादा हळूच म्हणाला. "डुप्लिकेटच आहे रे. फार दिवस नाही चालायचं."

"ते मी बघीन. उतर आता, नाहीतर ढकलून देईन," घड्याळजी म्हणाला, आणि त्याच्या चपला उचलून कोरड्यात नेऊन ठेवल्या.