पहिली पदवीधर

गोमतिनायगम सरांनी अर्ज उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं.

"हे कोरं का?"

"काय लिहायचं ते कळेना, सर," इसक्की म्हणाली. "'कुटुंबात यापूर्वी कोणी पदवी मिळवली आहे काय?' असं विचारलंय. आमची अक्का पाऊण पदवीधर. पाऊणसाठी रकानाच नाही."

शेजारच्या स्टुलावर टेकलेली तिची बहीण वडिवु हसली. "'नाही' लिही. दोन अक्षरांचं काम, त्याला एवढा विचार!"

"बघा सर, स्वतःच कबूल करते. प्रकाशशास्त्राची इतकी भीती बसलीय तिला, की घरातला बल्बसुद्धा मलाच बदलायला लावते."

सरांना हसू आलं नाही. प्रकाशशास्त्र हा त्यांचा विषय. तेनकाशीच्या या कॉलेजात बावीस वर्षं ते तो शिकवत आले होते, आणि तितकीच वर्षं खोलीच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट सांभाळत आले होते. विज्ञानाच्या मुलांना कुठे कुठे शिष्यवृत्ती मिळते, त्याची कात्रणं, परिपत्रकं, अर्जांचे नमुने त्या कपाटात वर्षवार लावलेले असत. मुलं त्याला 'सरांचं कोठार' म्हणत. आजचा अर्ज त्यातलाच होता. चेन्नईतली एक विश्वस्त संस्था भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलींना दुसऱ्या वर्षापासून एम.एस्सी. संपेपर्यंत आधार देत असे. अट एकच, मुलगी घराण्यातली पहिली पदवीधर होणारी हवी. तसा दाखला तहसीलदार देत. पण इसक्कीची थोरली बहीण याच कॉलेजात शिकून गेली होती, त्यामुळे तिला पदवी मिळाली नसल्याचं कॉलेजचं पत्र तालुका कचेरीत पाचच्या आत पोचायला हवं होतं. दाखला मिळाला नाही, तर इसक्कीही जूनपासून बहिणीसारखी सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळायला बसणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ऑफिसातून कॉलेजच्या नावाचा कोरा कागद आण," सर म्हणाले. "आणि पत्राचा नमुनाही माग."

इसक्की गेली. सरांनी खणातून आणखी एक छापील अर्ज काढून वडिवुपुढे सरकवला.

"हा तुझा. विषय राहिलेल्यांसाठी नोव्हेंबरची परीक्षा शेवटची आहे. पुढच्या वर्षी जुना अभ्यासक्रम बंद. मग एका विषयासाठी सगळी तीन वर्षं पाण्यात जातील."

"आधी इसक्कीचं होऊ द्या, सर."

"दोन्ही होईल. अर्धा तास वाचलंस तरी सुटशील."

"आता काही लक्षात राहिलं नाही."

"न्यूटनच्या वलयांचा प्रयोग वर्गाला तू समजावला होतास, मी नाही." सरांचा आवाज नकळत चढला. "त्या वर्षी माझ्या पेपरात एकवीस मुली पास झाल्या. त्यातल्या निम्म्या जणींना भिंग कुठलं आणि आरसा कुठला ते कळत नव्हतं. आणि तू राहिलीस!"

"तुम्ही तेव्हा बोलला होतात, सर. व्हरांड्यात."

"काय बोललो होतो?"

"गर्व आला की अभ्यास सुटतो, असं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी ती पदराची कड सरळ करत होती. सरांनी नजर वळवली आणि पत्रात घालायचा नोंदणी क्रमांक शोधायला गुणांची वही उघडली.

वडिवुचं नाव सापडलं. प्रकाशशास्त्र, अंतर्गत चाचणी: पंचवीसपैकी चोवीस. हे त्यांचंच अक्षर. पलीकडच्या रकान्यात ऑफिसच्या कारकुनानं विद्यापीठाचे गुण उतरवले होते. तिथे शून्य होतं.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. त्या वर्षी विद्यापीठाच्या यादीत तिच्या नावापुढे फक्त 'पुन्हा बसावे' असं होतं. तेवढं वाचूनच ते चिडले होते, गुण पाहिलेच नव्हते. विद्यार्थी नापास होतो तेव्हा त्याला आठ मिळतात, बारा मिळतात. काही ना काही तो लिहितोच. गैरहजर असती, तर तिथे तसा शेरा असता. शेरा नव्हता.

"वडिवु, शून्य?"

ती उठली. "खिडकी लावते, सर. कागद उडतायत."

कागद उडत नव्हते. सर तिच्या पाठीकडे पाहत राहिले, आणि अडीच वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांना आठवली. याच संस्थेची सूचना त्यांनी शेवटच्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवली होती. तुम्हाला उशीर झाला, पण धाकट्यांना सांगा, असं म्हणाले होते. तास संपल्यावर वडिवु टेबलापाशी आली होती. मोठ्या बहिणीनं आधी पदवी घेतली, तर धाकटीला चालतं का सर? ते हजेरी भरत होते. नाही, घरातून एकच, असं त्यांनी मान वर न करताच सांगितलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी परीक्षा झाली होती.

"तिला माहीत आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही. कळलं तर अर्ज फाडून टाकेल. तुम्ही ओळखत नाही तिला."

"तिचं एम.एस्सी. होईपर्यंत तुझा अभ्यासक्रम उरणार नाही."

"माहीत आहे, सर. पण मधे मी पदवी घेतली, तर तिचं बंद होईल."

सरांनी तिच्यापुढचा अर्ज उचलला. तो परत खणात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

इसक्की कागद नाचवतच आत आली. "ऑफिसातले विचारत होते, कुठली वडिवु? म्हटलं, आमच्या घरात नापास झालेली एकच आहे, दुसरी आणायची कुठून?"

"कागद दे इकडे," वडिवु म्हणाली. नमुना तिनं सरांपुढे ठेवला आणि रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. "इथे 'अनुत्तीर्ण' लिहायचं, सर. सगळ्यांचं तसंच लिहितात."

सरांनी नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, क्रमांक लिहिला. त्या शब्दापाशी पेन थांबलं. वडिवु त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या नजरेत विनवणी होती आणि थोडा धाकही. त्यांनी मान खाली घातली, एक संपूर्ण ओळ लिहिली, सही केली आणि शिक्का मारला.

"पळा. सव्वाचार झाले."

वडिवु आधी बाहेर पडली आणि पायरीवर चपला शोधू लागली. इसक्की शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत दारापर्यंत गेली आणि चालता चालता मोठ्यानं वाचू लागली. "कुमारी वडिवु यांनी या महाविद्यालयात तीन वर्षे भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले असून, त्यांनी पदवी घेतलेली नाही."

ती थांबली.

"सर, इथे 'अनुत्तीर्ण' हवं होतं ना? नमुन्यात तसं आहे. कचेरीवाले परत पाठवतील."

"परत आलं, तर मी स्वतः जाईन," सर म्हणाले. "मला जे खरं वाटलं, ते लिहिलंय."

इसक्कीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग ती पायरीकडे पाहू लागली.

"अक्का, त्या दिवशी तू पेपर झाल्यावर सगळ्यांच्या नंतर बाहेर आली होतीस. मी फाटकापाशी उभी होते."

"असेन."

"काही येत नव्हतं, तर इतका वेळ आत काय करत होतीस?"

"लवकर उठून आले असते तर तू विचारलं असतंस, लवकर का आलीस म्हणून." वडिवुनं चपलेचा पट्टा ओढून बसवला. "चल. बस निघून जाईल."

ती चालू लागली. इसक्की उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. तिनं कागदाचं वरचं टोक चिमटीत धरलं, आणि सर टेबलामागून उठून एक पाऊल पुढे आले. मग तिनं कागद दोन्ही हातांत सरळ धरला, घडी न घालता, आणि बहिणीच्या मागोमाग निघाली.